ओटा कोणाच्या मापाचा?



मागच्या श्रावणात आईचं मनगट मोडलं. स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. पाटावरून पाय घसरला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर दोन महिने व्यायाम. तेवढ्या काळात घरात एकच ठरलं, की आता हे स्वयंपाकघर बदलायचं. फरशी ओली राहते म्हणून ती पडली, असं मी धरून चाललो होतो. ते अर्धंच खरं होतं, पण त्याबद्दल पुढे सांगतो.

आमचं घर बडोद्याला, दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत. आजोबांनी १९५८ साली घेतलेलं. चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, वर सागाच्या तुळया, खाली कोटा फरशी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची आजोळची किंवा राहती घरं अशीच असतील, मग ती इंदूरला असोत, ग्वाल्हेरला असोत की बेळगावला. म्हणून हा हिशेब जरा तपशिलात मांडतो.

आधी आम्ही एका मॉड्युलर किचनवाल्याकडे गेलो. त्यानं संगणकावर सुंदर चित्र दाखवलं. चित्रात स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधली भिंतच नव्हती. आकडा होता ३,४०,००० रुपये. आमच्याकडे सगळं मिळून १,२५,००० होते, त्यातलेही १०,००० अडीअडचणीला राखून ठेवायचे होते. चहा पिऊन परत आलो.

मग शेजारच्या काकांच्या ओळखीनं एक कडिया आले. मराठीत गवंडी म्हणायला हवं, पण आपण बडोदेकर कडियाच म्हणतो. दाहोदकडचे, साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. चित्रातली ती भिंत निदान अर्धी तरी पाडावी, असं माझ्या मनात होतं. त्यांनी वर बघितलं, तुळयांची टोकं कुठे टेकलीत ते बोटानं दाखवलं आणि म्हणाले, "साहेब, आखो उपरनो माळ आ भींत पर बेठो छे." विषय संपला. जुन्या घरात खांब नसतात, भिंतीच भार पेलतात. तुळई किंवा कडी ज्या भिंतीवर टेकते तिला इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. चित्र काढणाऱ्याला तुमची तुळई दिसत नसते.

दुसरं काम भिंतीच्या आतलं. मोरीकडच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत लोणा लागला होता. काही वर्षांपूर्वी मीच त्यावर सिमेंटचं प्लास्टर करून ऑइल पेंट मारला होता. दोन पावसाळ्यांत फुगे आले. कडियाकाकांनी समजावलं ते असं: चुन्याची भिंत ओल घेते आणि वाऱ्यानं वाळते. सिमेंट आणि ऑइल पेंटनं तिचा श्वास कोंडला की ओल आतच राहते, वर चढते आणि क्षार बाहेर फेकते. ओल येते कुठून, हे शोधायला फरशी उकलली तेव्हा सिंकचा सांडपाण्याचा जुना पाईप खालच्या खाली गळताना सापडला. फरशी सतत ओलसर का असायची, तेही तिथेच कळलं. पाईप बदलला, भिंत सोलून तीन आठवडे उघडी ठेवली आणि मग चुन्याचंच प्लास्टर केलं. हा खर्च आमच्या यादीत नव्हता. ११,००० गेले. राखीव पैसे ठेवायचे ते यासाठीच.

म्हणून काम उत्तरायण झाल्यावर काढलं होतं. हवा कोरडी असते, भिंत वाळते. पावसाळ्यात हे काम काढू नका.

भिंत उघडी आहे तोवर नळाचं आणि विजेचं काम उरकलं. जुने लोखंडी पाईप आतून गंजून निम्मे झाले होते, ते काढले. सांडपाण्याच्या पाईपला चार फुटांना एक इंच उतार ठेवला. विजेच्या जुन्या तारा दोनच होत्या, अर्थिंग नव्हतंच. आता फ्रीज, मिक्सर आणि इंडक्शनसाठी १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट घेतले, नवी अर्थिंग केली आणि गळती झाली तर वीज तोडणारा आरसीसीबी बसवला. गॅसच्या लाईनला मात्र प्लंबरला हात लावू दिला नाही. ते काम गॅस कंपनीच्याच माणसानं करायचं असतं. त्याची नऊ दिवस वाट पाहिली. ओसरीत इंडक्शनवर खिचडी आणि कोपऱ्यावरची सेव-उसळ, यावर घर चाललं.

आता ओट्याकडे येतो.

कडियाकाका टेप घेऊन उभे होते. मी सांगितलं, "तेहतीस इंच घ्या, सगळे तेवढाच घेतात." त्यांनी विचारलं, "रसोई कोण करे छे?" मी म्हटलं, आई करते, बायको करते, रविवारी मी करतो. त्यांनी आईला हाक मारली. "बा, जरा अहीं ऊभां रहो." आई उभी राहिली. त्यांनी तिला कोपरातून हात दुमडायला लावला आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं. ३६ इंच. मग जुना ओटा मोजला. ३५ इंच. त्यावर शेगडीचे चार इंच, त्यावर पातेलं. म्हणजे भाजी ढवळायला आईचा हात खांद्याच्या वर जायचा.

म्हणून तो पाट.

तो पाट मी जन्मापासून ओट्याखाली बघतोय. मला वाटायचं, पाट ठेवायची जागाच ती. आई १९८१ साली या घरात आली. तेव्हापासून फोडणी, पोळ्या, सणाचं पुरण, सगळं तिनं त्या वीतभर रुंद फळीवर उभं राहून केलं. मी तिला विचारलं, कधी बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तुझ्या आजीला पुरत होता की तो. त्या उंच होत्या. मी नंतर आले." एवढंच बोलून ती चहा टाकायला ओसरीत गेली.

माझी बायको साडेपाच फुटांची, आई चार फूट दहा. एकीला सोयीचा ओटा केला तर दुसरीची पाठ जाते किंवा खांदे भरून येतात. तोडगा कडियाकाकांनीच काढला: ओटा दोन उंचींचा करायचा. चिरायचं, मळायचं काम कोपराच्या चार-पाच इंच खाली सोयीचं पडतं. शेगडीवरच्या भांड्याची उंची आधीच वाढलेली असते, त्यामुळे शेगडीचा ओटा त्याहून खाली हवा. शेगडीकडचा चार फुटांचा भाग २९ इंचांवर घेतला, सिंककडचा ३४ वर. आई शेगडीशेजारच्या खालच्या भागावरच चिरते आणि कणीक मळते. बायको वरच्या भागावर काम करते, आणि शेगडीपाशी आली तरी तिला वाकावं लागत नाही, कारण भांड्याचा काठ तिच्या कोपराच्या जरासाच खाली येतो. फरशीवाल्यानं नाक मुरडलं, दोन कडा जास्त घासाव्या लागल्या, पण खर्च दीड हजारानंच वाढला.

दगड ग्रॅनाइटचा घेतला. कडाप्पा स्वस्त पडतो, पण तो आणि कोटा हे दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच, दही सांडलं की पॉलिश खातात. ग्रॅनाइटला त्याचा त्रास नाही.

जे धड होतं ते तसंच ठेवलं. खालची कोटा फरशी फक्त घासून घेतली. भिंतीतले तीन कोनाडे साफ करून त्यात डब्यांसाठी फळ्या टाकल्या. जुन्या कपाटाची सागाची दारं सुतारानं कापून ओट्याखाली बसवली. ओट्याखाली प्लायवूडची खोकी केली नाहीत. विटांचे आडोसे आणि त्यावर दगडी फळ्या घातल्या, म्हणजे पाणी सांडलं तरी फुगायचं काही नाही. चिमणीऐवजी खिडकीच्या वर एक्झॉस्ट पंखा लावला आणि खिडकी उघडीच ठेवली.

आता हिशेब, रुपयांत:

तोडफोड, गवंडीकाम, राबिट उचलणे: २८,०००
सांडपाण्याचा पाईप आणि ओल: ११,०००
नळकाम: १४,०००
वीज आणि अर्थिंग: १७,५००
ग्रॅनाइट, घासाईसकट: १९,०००
ओट्यावरच्या टाइल्स, मोरबीचा माल: ९,०००
फरशी घासणे: ४,०००
सुतारकाम: १६,०००
रंग: ३,५००
पंखा: २,२००
एकूण: १,२४,२००

तीन आठवडे लागतील म्हणाले होते, सहा लागले. खर्चाकडे नीट बघितलंत तर लक्षात येईल, जवळजवळ निम्मे पैसे डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर गेले. पाहुणे येतात, "ओटा असा पायरीसारखा का केला?" विचारतात, आणि पाईपबद्दल कोणीच विचारत नाही.

तेव्हा तुमच्याकडे असं काम निघणार असेल तर टाइल्स बघायला जाण्याआधी तीन गोष्टी करा. तुळया कुठे टेकल्यात ते बघा. ओल कुठून येते ते शोधा. आणि घरात रोज जी स्वयंपाक करते, किंवा जो करतो, त्याला आजच्या आज ओट्यापाशी उभं करून कोपराचं माप घ्या. आई, आजी, काकू "चालतंय रे, सवय झालीय" म्हणतील. तरी घ्या.

पाट अजून आहे. गणपतीत मोदक वळायला आई त्यावर बसते.

पुढच्या अंकात जुन्या लाकडी खिडक्यांबद्दल लिहीन. तोवर तुमच्या ओट्याची उंची मोजून कळवा.