पावडरीच्या पिशवीला रंग द्या

मे महिना, जतजवळची विहीर, दुपारचे दोन. आमच्या एका होलातून पांढरा लगदा तोफेसारखा उडाला. पोराच्या डोळ्यांवर गॉगल होता, म्हणून निभावलं. चूक माझीच. जानेवारीत महाबळेश्वरला पायातला दगड फोडून उरलेल्या चार पिशव्या वाया जायला नकोत म्हणून मी तिथे नेल्या होत्या.

वस्ती विहिरीला खेटून, त्यामुळे सुरुंगाचं नावच नको. अशा जागी आम्ही दगड फोडायची ही पावडर वापरतो. पाच किलोच्या पिशवीला साधारण दीड लिटर पाणी कालवायचं, लगदा होलात ओतायचा आणि बाजूला व्हायचं. आवाज नाही, हादरा नाही. आत मुख्यतः कळीचा चुना. तो विझताना फुगतो आणि दर चौरस सेंटीमीटरला तीनशे किलोच्या वर दाब देतो. काळा पाषाण दाबाला दाद देत नाही, पण ताणाला फाटतो.

घोळ उष्णतेचा आहे. चुना विझताना तापतो आणि तापला की आणखी भराभर विझतो. म्हणून कंपन्या थंडीची पावडर मुद्दाम तापट करतात, उन्हाळ्याची संथ. जतला खडक आधीच भाजलेला, त्यात माझी पावडर तापट. लगद्यातल्या पाण्याची वाफ झाली आणि तिला वाट मिळाली ती वरचीच. होल रुंद असेल तर उष्णता आणखी कोंडते. उलट, उन्हाळी पावडर थंडीत महाबळेश्वरला भरा. दोन दिवस थांबूनही केसाएवढी चीर दिसणार नाही, आणि मालक म्हणेल, चुना लावला!

मोबाइलवर दिसतं ते हवेचं तापमान. बघायचं असतं खडकाचं, होलाच्या आतलं. मी आता थर्मामीटर दोरीला बांधून होलात सोडतो. उन्हाळ्यात पहाटेच होल भरतो, तेही माठातलं पाणी घेऊन. सगळे हसतात. हसू देत.

पण पावडर किती अंशांना चालते, तो आकडा माझ्या पिशवीवर होता इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. होल भरणाऱ्या पोराने तो वाचायचा कसा? कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो, तो आमच्या शेतकऱ्याला बरोबर कळतो. पावडरीलाही तसंच करा: थंडीची पिशवी निळी, उन्हाळ्याची लाल, अंश मराठीत, ठळक. सातारा-सांगलीच्या दुकानदारांनी एवढं कंपन्यांकडे मागावंच.

आणि भरलेल्या होलात वाकून बघू नका, कितीही वेळ लागला तरी.