बिघाड म्हणे तुमच्याच घरात!

आमच्या काळाने मंत्रसाहित्यात जी काही मोलाची भर घातली आहे तीत पहिला मान ‘एकदा बंद करून पुन्हा चालू करा’ या मंत्राला द्यावा लागेल. संगणक अडला, म्हणा मंत्र. इंटरनेट गेले, म्हणा मंत्र. कंपनीच्या तक्रार-क्रमांकावर फोन लावा. अर्धा तास वाद्यसंगीत ऐकवल्यानंतर पलीकडचा गोड आवाज तोच मंत्र म्हणतो. मंत्राने गुण आला नाही तर यजमानाचीच काही चूक झाली असणार, हे जसे भटजींना आधीच ठाऊक असते, तसेच बिघाड ग्राहकाच्या घरातच असणार, हे कंपनीला आधीच ठाऊक असते!

मंत्र खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. यंत्राच्या स्मृतीत साचलेला गोंधळ बंद केल्याने पुसला जातो, राउटर नव्याने आपली ओळख पटवून घेतो, आणि पुष्कळदा गाडी रुळावर येते. आमचे भांडण उपायाशी नाही, त्यामागच्या गृहीतकाशी आहे. तपासाआधीच दोषी कोण ते ठरलेले, आणि निर्दोष असल्याचा पुरावा मात्र ग्राहकाने गोळा करायचा, हा कुठला न्याय?

आता हा न्याय मुंबई-पुण्यात सोसवतो. एक कंपनी रुसली तर दुसरी दारात उभी असते. वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या मारेगावात काय करायचे? यवतमाळ जिल्ह्याच्या या कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात घरातला संगणक आणि हातातला मोबाइल ही चैनीची खेळणी आहेत असे कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा इथे येऊन पाहावे. सातबारा हवा, इंटरनेट. शिष्यवृत्तीचा अर्ज, इंटरनेट. पिकाची नोंद मोबाइलमधून, आणि ती शेतात उभे राहून. २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ या ॲपवर नाव नोंदवायचे आणि तिथेच दिवस ठरवून घ्यायचा. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे रेंज गेली की नुसती करमणूक जात नाही. हमीभाव आणि व्यापारी सांगेल तो भाव यांतले अंतर शेतकऱ्याच्या खिशातून जाते. अकरावीचे प्रवेशही २०२५ पासून साऱ्या महाराष्ट्रात एकाच ऑनलाइन पद्धतीने सुरू झाले. २१ मे रोजी उघडायची ती नोंदणी संकेतस्थळच कोलमडल्याने २६ मेपर्यंत पुढे गेली. तिथे मात्र दोष कुणाच्या घरात होता हे कुणी विचारले नाही, आणि कोणत्याही पालकाला ‘तुम्ही सरकार एकदा बंद करून चालू करा’ असे सांगता आले नाही!

अर्थात घरातले बिघाड असतातच, आणि मारेगावचे काही खास मारेगावचे असतात. वेचणी झाली की कापूस घरात येतो. खोलीच्या निम्म्या उंचीपर्यंत पांढरा ढीग, आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात मुलांचा संगणक! रुईचे तंतू पंख्यात जाऊन बसतात, पंखा गुदमरतो, आतला प्रोसेसर तापतो आणि जीव वाचवण्यासाठी आपण होऊन बंद पडतो. घरचे म्हणतात, ‘व्हायरस आला’. आला आहे तो कापूस! पलंगपोसाचे एक टोक यंत्रावर ओढून ठेवणारी आणि यंत्र चालू असताना तेच काढायला विसरणारी घरे आम्ही पाहिली आहेत. यंत्र चालू होताना नुसतेच टूं-टूं वाजत असेल तर पुष्कळदा मेमरीची पट्टी आपल्या खाचेत नीट बसलेली नसते. वीज बंद करून ती काढावी, तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने हलकेच पुसावेत, परत बसवावी. आणखी एक फसवा रोग असा, की बँकेचे आणि सरकारचे संकेतस्थळ उघडत नाही, इतर थोडेफार चालते, आणि सगळे घर इंटरनेटच्या नावाने बोटे मोडते. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती भलत्याच सालातली असेल तर आतला रुपयाएवढा सेल संपला आहे. सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ब्राउझर तारखेवरून तपासतो. तारीखच खोटी, म्हणून तो दार उघडत नाही. नवा सेल घाला, तारीख दुरुस्त करा, आणि बँकेचे दार उघडते.

पण या साध्या गोष्टी सांगेल कोण? दुरुस्तीच्या दुकानात यंत्र नेले की तिथे दुसरा मंत्र तयार असतो, ‘फॉर्मॅट मारावे लागेल’. पंखा अडला, फॉर्मॅट. सेल संपला, फॉर्मॅट. घरात ढेकूण झाले म्हणून घरच पेटवून देण्यातला हा प्रकार! ढेकूण मरतातही, नाही असे नाही. पण त्याबरोबर आजीचे फोटो, मुलीच्या गुणपत्रिका, दहा वर्षांचा शेतीचा हिशेब स्वाहा होतो. दुकानदाराला ते सोपे पडते, कारण रोग शोधायला डोके लागते आणि फॉर्मॅटला फक्त तासभर. यंत्र देताना ‘आतले सगळे आधी वेगळे उतरवून द्या, मगच हात लावा’ एवढे वाक्य बोलायला कुणी लाजू नये.

तेव्हा वाद नीट मांडू. घर कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो, एवढाच प्रश्न आहे, आणि तो दहा मिनिटांत सुटतो. दिवाळीला पुण्याहून घरी आलेल्या मुलाला चकलीच्या बशीशेजारी बसवून घरोघर हेच काम दिलेले असते, त्याला विचारा. संगणकावर नाही, पण त्याच वायफायवर मोबाइलमध्ये चालते आहे? मग दोष संगणकाचा. दोन्हींवर नाही? मग राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावरचा त्याचा पत्ता संगणकात घालावा. राउटरचे पान उघडले तर घरातली जोडणी शाबूत आहे. अडले आहे ते पुढे. आणि ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांनी पेटीवरचा ‘एलओएस’ लिहिलेला दिवा पाहावा. तो लाल झाला असेल तर त्या काचेच्या तंतूतून यायचा प्रकाशच येत नाही. घरातली तार कुठे मुडपलेली वा निसटलेली नाही एवढे पाहून घ्यावे. ती ठीक असेल तर राउटर सात वेळा बंद करून सात वेळा चालू केला, त्याला कुंकू लावले, तरी तो लाल दिवा विझणे नाही. तार बहुधा बाहेर तुटली आहे. ती तुटली हे कंपनीला आपल्या कचेरीत बसून कळू शकते. तरीही पलीकडचा आवाज विचारतो, ‘सर, वायर नीट बसवली आहे का?’

याला आम्ही अज्ञान म्हणत नाही, वेळकाढूपणा म्हणतो. ट्रंक कॉलच्या जमान्यातली ऑपरेटर बाई ताठ असेल, पण लाईन खराब असली तर ‘लाईन खराब आहे’ असे स्वच्छ सांगत असे. तुमचा गळा साफ करून पाहा, असे सांगत नसे.

(आमच्या विदर्भात आणखी एक घोटाळा. ‘लाईन गेली’ म्हणजे इथे वीज गेली. संगणकाला बॅटरीचा आधार असतो, पण राउटर थेट भिंतीतल्या पिनेवर. तो मेला की इंटरनेट मेले. वीजवाला म्हणतो लाईन आहे, नेटवाला म्हणतो लाईन नाही, आणि दोघेही खरे बोलत असतात.)

आता रस्त्यावर या. खेड्यापाड्यात काचतंतू नेण्याची राष्ट्रीय योजना सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तिचे पुढे ‘भारतनेट’ असे बारसे झाले. कल्पना थोरच होती, अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याची. पण तार पुष्कळ ठिकाणी एका रेषेत नेली, माळेसारखी. माळेचा दोरा एका जागी तुटला की पुढचे सगळे मणी घरंगळतात. रस्तारुंदीकरणाच्या जेसीबीने एक घाव घातला की पुढची सारी गावे अंधारात. हे उमगून, ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत रेषेच्या जागी कडे करायचे ठरले. कडे एका बाजूला तुटले तर निरोप दुसऱ्या बाजूने फिरून पोचतो. हे शहाणपण यायला बारा वर्षे लागली. ती बारा वर्षे मार्डी-बोटोणीकडच्या माणसाने काय केले असेल? बंद करून पुन्हा चालू केले!

कायदा मदतीला आहे ना, असे कुणी म्हणेल. आहे, पण त्याची फूटपट्टी पाहा. दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांत, जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक काळ बंद राहिली तर ग्राहकाला बिलात सूट वा मुदतवाढ द्यावी, अशी तरतूद आली. वाचून बरे वाटले. पण माप जिल्ह्याचे! यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके. पंधरा चालू राहिले आणि एकटे मारेगाव चार दिवस मुके झाले, तर या मापाने जिल्हा ठणठणीत. पोटात कळ आलेल्या रोग्याला ‘तुझे सरासरी शरीर उत्तम आहे’ म्हणणाऱ्या वैद्याचे हे गणित आहे.

ग्राहक न्यायालयाचे दारही मध्यंतरी अर्धवट लोटलेले होते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोनच्या तक्रारींना जुन्या तार कायद्यातल्या लवादाची वाट दाखवली होती. १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने ते दार उघडले. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते हे आता नक्की. पण तिथे जायला कागद लागतो, आणि कागदच तर मिळत नाही! तक्रार-क्रमांक संदेशाने येतो. दुसऱ्या दिवशी ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा दुसरा संदेश येतो, दिवा लाल असतानाच. म्हणून ते दोन्ही संदेश आणि त्या लाल दिव्याचा तारीख दिसेल असा फोटो जपून ठेवावा. आयोगापुढे वकिलाच्या वक्तृत्वापेक्षा तोच अधिक बोलतो.

‘खेड्यात एवढे आले हेच काय कमी आहे?’ असा सबुरीचा उपदेश शहरातले विद्वान करतात. चैनीची वस्तू उशिरा आली तर सबुरी शोभते. पण सरकारनेच खिडकी बंद करून ‘आता याच दाराने या’ म्हणायचे, आणि ते दार आठवड्यातून तीन दिवस अडकलेले ठेवायचे, तिथे सबुरी कसली? कापूस विकायला आलेल्या माणसाने सेतू केंद्राच्या पायरीवर दुपारपर्यंत बसायचे, आतून ‘सर्व्हर डाऊन’ ऐकायचे, मजुरी बुडवून परत जायचे, आणि मुदत मात्र मुंबईच्या घड्याळाने रात्री बारालाच संपायची!

आमची मागणी मोठी नाही. तक्रार मिटवताना बिघाड कुठे होता, घरात की रस्त्यावर, कधी तुटले आणि कधी जोडले, हे मराठीत लिहून ग्राहकाला द्या. जिथे ऑनलाइन अर्ज सक्तीचा आहे तिथे तहसील कचेरीत कागदाचा अर्जही पोच देऊन घ्या. आणि ज्या तालुक्यात जितके दिवस तार तुटलेली होती, तितके दिवस त्या तालुक्याच्या मुदतीत आपोआप मिळवा. कंपनीने मनात आणले तर तुटल्याचा दिवस आणि वेळ तिच्या यंत्रांतून काढता येते. ती तेवढी मागवून घेण्यासाठी मारेगावच्या कुणालाही आपला राउटर बंद करावा लागणार नाही.