झाड नाही तिथे ताडी कुठून?

जाहीर पत्रक
ताडी-माडी पिणाऱ्यांस, काढणाऱ्यांस आणि तिच्यावर कायदा चालवणाऱ्यांस

ज्या पेठेत ताडाचं झाड औषधालाही उरलेलं नाही, तिथल्या दुकानात बारा महिने, सकाळपासून रात्रीपर्यंत ताडी मिळते. ती येते कुठून?

ताड, माड किंवा शिंदीचा रस कुणासाठी थांबत नाही. आतून चुना लावलेल्या मडक्यात तो रात्रभर झिरपू दिला आणि ऊन चढायच्या आत उतरवला, तर ती नीरा. चुना नसेल तर रस मडक्यातच आंबू लागतो, ती ताडी-माडी. दिवस कलला की ती आंबट होते आणि पुढे तिचा शिरका होतो. झाडही रोज काही लिटरच देतं. मग रात्री दहालाही तीच चव, तीच नशा आणि हवा तेवढा माल, हे गणित झाडावर जुळत नाही. ते गोणीतल्या पावडरीवर जुळतं.

त्या पावडरीचं नाव क्लोरल हायड्रेट. एकेकाळी झोप येण्यासाठी डॉक्टर हे औषध देत. पाणी, सॅकरिन आणि ही पावडर ढवळली की झाली ताडी! प्रमाण जास्त झालं तर श्वास मंदावतो, माणूस दगावतो. रोज पिणाऱ्याची ही ताडी एकाएकी तुटली तर झटके येतात, भ्रम होतो. तेलंगणात अल्प्राझोलामसारखी झोपेची औषधंही ताडीत घालतात. 2015 मध्ये निजामाबादकडे भेसळीवर कारवाई झाली, माल आटला आणि पिणाऱ्यांची रुग्णालयात रीघ लागली. जुलै 2025 मध्ये हैदराबादच्या कुकटपल्लीत भेसळीच्या ताडीने माणसं मेली.

यावर काही जण म्हणतील, सगळीच ताडी बंद करा. आमचा त्याला विरोध आहे. बंदीने झाडावर चढणारा उपाशी मरतो. पावडर ढवळणाऱ्याला झाड लागतच नाही. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय झाड छेदणं गुन्हा आहे. डहाणू-तलासरीचा आदिवासी आणि कोकणातला माडी काढणारा झाडासकट उघड्यावर असतो, म्हणून तो आधी सापडतो. ढवळणारा बंद खोलीत असतो.

खऱ्या रसालाही धोका आहे, तो लपवू नये. बांगलादेशात हिवाळ्यात खजुरीचा कच्चा रस पिऊन निपाह या जीवघेण्या विषाणूची लागण होते, कारण रात्री वटवाघळं मडक्याशी येऊन रस चाटतात. आपल्याकडे महाबळेश्वरच्या गुहेत 2020 मध्ये पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला निपाहच्या खुणा मिळाल्या. घाबरून झाडं तोडायची गरज नाही. बांगलादेशात रस झिरपतो ती जागा आणि मडकं बांबूच्या चटईने झाकून वटवाघळं रोखता येतात, हे तपासून पाहिलेलं आहे. रस उकळला तर विषाणू मरतो.

आमच्या मागण्या:

1. दुकानाबाहेर फलक लावा: कोणत्या गावची किती झाडं, आज किती लिटर रस आला, किती विकला. आवकेपेक्षा विक्री जास्त दिसली की त्याच दिवशी दुकानाला कुलूप.

2. राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि अन्न व औषध प्रशासन यांनी मिळून, गिऱ्हाइकांसमोर नमुने घ्यावेत. अहवाल दुकानाच्या दारावर चिकटवावा.

3. दुकानातल्या पोऱ्याला पकडून थांबू नका. क्लोरल हायड्रेट कुणी बनवलं, कुणी विकलं, तिथपर्यंत जा.

4. नीरेला दारूच्या पंगतीतून उठवा. तिला अन्नाचे नियम लावा: स्वच्छ मडकं, ताजा चुना, झाकण, थंड साठवण.

5. झाडावर चढणाऱ्याला सुरक्षा दोर, विमा आणि स्वतःच्या नावाचा परवाना द्या. परवाना ठेकेदाराच्या खिशात नको.

6. भेसळीचं दुकान बंद कराल त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात पिणाऱ्यांच्या उपचाराची सोय करा.

पिणाऱ्यांनो, दुकानदाराला झाडाचं गाव विचारा. उत्तर देता आलं नाही तर पेला खाली ठेवा. गावकऱ्यांनो, येत्या ग्रामसभेत आपल्या हद्दीतल्या ताड, माड आणि शिंदीच्या छेदल्या जाणाऱ्या झाडांची मोजणी करायचा ठराव मांडा. त्याची प्रत उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

हे पत्रक वाचून झाल्यावर पुढच्याला द्या.