सोवळ्यातली गाडी

सोवळं-ओवळं फक्त आपल्याकडेच पाळतात अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी एकदा अमेरिकेत जाऊन जुनी मोटार विकत घ्यायला निघावं. आपल्या आज्यांनी स्वयंपाकघरात पाळलं नसेल एवढं कडक सोवळं तिकडचे धट्टेकट्टे पुरुष गॅरेजात पाळतात. जुन्या इंजिनाला परका नट लागला की विटाळ झालाच म्हणून समजा!

हे ज्ञान मला डेट्रॉइटला झालं. माझा भाचा तिथं असतो. तिथल्या वुडवर्ड अव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टात जुन्या गाड्यांची जत्रा भरते. लोक रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसतात आणि समोरून गाड्यांच्या पालख्या सरकतात. कडेला उभ्या असलेल्या एका गाडीच्या काचेवर कागद होता : 'विकणे आहे.' गाडी १९६३ची शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे. टोकदार नाकाची, बसकी, मागची काच मधोमध पट्टीनं दुभागलेली. कागदावर खाली वाण्याच्या यादीसारखी यादी. इंजिन नवं, ४३० हॉर्सपॉवरचं. गिअरबॉक्स नवा. चारी चाकांना डिस्क ब्रेक. एअरकंडिशनर. रंग कारखान्यानं जन्मात कधी दिला नसेल असा, पिकल्या जांभळाचा. थोडक्यात, फायबरग्लासचं अंग तेवढं जुनं. आत सगळा नवा संसार.

"मामा, वाटोळं केलंय हो ह्यानं गाडीचं," भाचा हळहळला. शेजारच्या दोन गोऱ्या आजोबांनीही माना हलवल्या. का, तर म्हणे 'नंबर्स मॅचिंग' नाही. म्हणजे इंजिनावर ठोकलेला आकडा गाडीच्या आकड्याशी जुळत नाही. पत्रिका हो, पत्रिका! मुलगी देखणी आहे, गृहकृत्यदक्ष आहे, पण नाडीदोष आहे ना, मग स्थळ बाद!

आता माझं म्हणणं ऐका. ज्या 'मूळ' गाडीसाठी ही मंडळी टिपं गाळतात, ती मूळ गाडी होती तरी कशी? १९६३च्या ह्याच मॉडेलच्या बॉनेटवर हवा आत जाण्यासाठी दोन जाळ्या होत्या. फक्त त्यातून हवा आत जात नव्हती. नुसती शोभा! पुढच्या साली कंपनीनंच त्या काढून टाकल्या. गाडी धावे वाऱ्यासारखी, पण थांबवायला ड्रम ब्रेक. कॉर्व्हेटला डिस्क ब्रेक मिळाले ते १९६५ साली. डिकीला बाहेरून झाकण नाही; बॅग ठेवायची तर सीट पुढं ओढून मागं कोंबायची. आणि ती प्रसिद्ध दुभागलेली काच! डिझाइनचे प्रमुख बिल मिचेल यांचा त्या पट्टीवर भारी जीव. उलट इंजिनिअर झोरा आर्कस-डन्टॉव्ह यांचं म्हणणं, मागचं दिसत नाही, काढा ती. त्या वर्षी मिचेल जिंकले आणि अशा १०,५९४ गाड्या निघाल्या. १९६४ साली पट्टी गेली. म्हणजे ह्या गाडीत पहिला फेरफार केला तो खुद्द कारखान्यानं! मालकाला वाव मिळाला तो त्यानंतर.

मालकांनीही तो सोडला नाही हे खरं. गाडी नव्या सालची दिसावी म्हणून कित्येकांनी करवतीनं ती पट्टी कापून काढली आणि अखंड काच बसवली. आज त्याच पट्टीसाठी लोक जीव टाकतात. ते मलाही पटत नाही. जे कापल्यावर परत जोडता येत नाही त्यावर करवत चालवू नये, एवढं तारतम्य हवंच. पण ब्रेक बदलणं आणि नाक कापणं यात काही फरक आहे की नाही?

सोवळ्याची कमाल पुढंच आहे. कॉर्व्हेट पूर्ववत करणाऱ्यांची एक राष्ट्रीय संस्था १९७४ पासून आहे. तिथल्या परीक्षेत गाडी कारखान्यातून निघाली तश्शीच हवी. रंग तेव्हापेक्षा जास्त चकचकीत झाला तर मार्क कापले जातात! जुन्या कामगाराचा हात थरथरला असेल, तर तुम्हीही अभ्यासपूर्वक थरथरायचं.

आणि जिथं सोवळं कडक, तिथं चोरून खाणंही आलंच. आकडा जुळला की किंमत चढते. मग काही लबाड भलत्याच इंजिनावरचा आकडा घासतात आणि हवा तो ठोकून देतात. खोटी पत्रिका! याउलट आमच्या जांभळ्या गाडीचा मालक बघा. काय काय बदललं ते त्यानं काचेवर स्वच्छ लिहून ठेवलंय. दोघांत सोवळ्यातला कोण, तुम्हीच सांगा.

त्या मालकाशी मी बोललो. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला गृहस्थ. गाडी त्याला मिळाली तेव्हा आत इंजिनच नव्हतं. नुसतं खोकं गवतात पडलं होतं. जुळवायला आकडाच नव्हता, तर जुळवणार काय? पंधरा वर्षं शनिवार-रविवार त्यानं त्यात घातले. घातलेल्या पैशातले निम्मे तरी निघतील का, याची शंका त्यालाच होती. "मग विकता कशाला?" मी विचारलं. त्यानं गुडघ्यावर थाप मारली. एवढ्या खाली बसता येतं, उठता येत नाही.

म्हणजे बघा, शुद्धतेच्या हिशेबानं हा गाडी बिघडवणारा. पण हा नसता तर ती गाडी बिघडायलाही उरली नसती. आजीचा विरलेला शालू नातीनं कापून त्याचं परकर-पोलकं शिवलं तर शालू बाटत नाही, तो पुन्हा लग्नाला जातो. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर अखंड राहिलेला शालू पूर्ण शुद्ध असतो, फक्त तो कुणी नेसत नाही.

गाडी ही चालवायची वस्तू आहे. पेट्रोल भरावं, काच खाली करावी, जावं. पुढच्या मालकानं ह्या गाडीला आणखी काही डागडुजी केली तरी माझं खुशाल अनुमोदन आहे. आणि ज्यांना फक्त आकडेच जुळवायचे आहेत, त्यांनी मोटारीच्या नादी न लागता सरळ लॉटरीचं तिकीट घ्यावं. तिथं निदान आकडा जुळल्यावर पैसे आपल्याला मिळतात!