अकरा मीटरवरचा चिखल

३० एप्रिल १९७७. इंग्लंडमधील डर्बी शहरातले बेसबॉल ग्राउंड. नाव बेसबॉलचे असले, तरी हे डर्बी काउंटी या फुटबॉल क्लबाचे घर, आणि त्या काळी चिखलासाठी देशभर बदनाम. मँचेस्टर सिटीविरुद्धच्या सामन्यात अखेरच्या काही मिनिटांत डर्बीला पेनल्टी मिळते आणि एक विलक्षण अडचण उभी राहते : चेंडू ठेवायचा कुठे? पेनल्टीचा ठिपका चिखलात पुरता नाहीसा झालेला असतो.

मग मैदानाची निगा राखणारे बॉब स्मिथ एक बादली आणि मोजपट्टी घेऊन येतात. गोलरेषेपासून बारा यार्ड मोजले जातात, चिखलावर पांढऱ्या रंगाचा नवा ठिपका काढला जातो आणि जेरी डेली त्यावरून गोल करतो. डर्बी ४-० ने जिंकते. त्या हंगामात सिटीचे विजेतेपद एका गुणाने हुकले. अर्थात, त्याचे खापर या ठिपक्यावर फोडता येत नाही. सामना तोवर हातचा गेलाच होता.

या प्रसंगाची चित्रफीत आज विनोद म्हणून फिरते. मला मात्र त्यात रेफरीचे काम नेमके दिसते. त्याने अंदाजाने बोट दाखवून ‘इथे ठेवा’ म्हटले नाही. खेळ थांबवला, अंतर मोजून घेतले आणि मगच किक घेऊ दिली. जुलै महिन्यात आपल्याकडच्या मैदानावर खेळलेल्या कोणालाही फक्कीचे आयुष्य किती असते, हे वेगळे सांगायला नको.

आता थोडे मागे जाऊ. पेनल्टी किकची कल्पना आयर्लंडमधील आर्मा परगण्याच्या विल्यम मॅक्रम यांची. १८९१ मध्ये ती नियमांत आली, तेव्हा ठिपका नव्हताच. गोलरेषेपासून बारा यार्डांवर मैदानभर एक रेषा असे आणि तिच्यावरील कोणत्याही बिंदूवरून किक घेता येई. म्हणजे समोर डबके असेल, तर खेळाडू चार पावले बाजूला सरकून कोरडी जागा निवडू शकत होता! १९०२ मध्ये पेनल्टी क्षेत्र आयताकृती झाले आणि रेषेचा ठिपका झाला. भूमिती नेटकी झाली खरी, पण जमीन निवडण्याची मुभा गेली. ठिपक्यावर पाणी साचले आहे, म्हणून चेंडू शेजारी ठेवू देण्याचा अधिकार रेफरीला नाही.

याची किंमत कशी मोजावी लागते? ३ जुलै १९७४, फ्रँकफर्ट. विश्वचषकात पश्चिम जर्मनी विरुद्ध पोलंड. मुसळधार पावसाने मैदानाचे तळे झाले होते. अग्निशमन दलाने पाणी उपसले, सामना उशिरा सुरू झाला, आणि तरीही चेंडू जागोजागी पाण्यात अडकत राहिला. उली होनेसची पेनल्टी पोलंडचा गोलरक्षक टोमाशेव्स्कीने अडवली. पुढे गेर्ड म्युलरच्या एकमेव गोलावर जर्मनी जिंकली. पोलंडला अंतिम फेरीसाठी विजय हवाच होता, जर्मनीला बरोबरी पुरत होती. त्या पाण्यात वेगवान पोलिश आक्रमणाचे काय झाले असेल, याची कल्पना करावी. माझ्या मते तो सामना त्या दिवशी व्हायलाच नको होता. मैदान खेळण्याजोगे आहे की नाही, हे ठरवणे रेफरीच्या हाती असते. तो निर्णय एकदा चुकला, की पुढे पेनल्टीच्या क्षणी त्याच्यापाशी करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

खरा प्रश्न शूटआउटचा आहे. साध्या पेनल्टीत ठिपका एकदा वापरला जातो. शूटआउटमध्ये अनेक वेळा. प्रत्येक जण टेकू देणारा पाय चेंडूशेजारी त्याच वीतभर जागेत रोवतो. २१ मे २००८ रोजी मॉस्कोत, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, पाऊस कोसळत होता. लुझ्निकी स्टेडियममधील कृत्रिम मैदानावर या सामन्यासाठी खास नैसर्गिक हिरवळ अंथरली होती. जॉन टेरीची किक ही एकूण दहावी. ती गोलात गेली असती, तर चषक चेल्सीचा होता. त्याचा टेकूचा पाय घसरला, चेंडू खांबाला लागून बाहेर गेला आणि अखेर मँचेस्टर युनायटेड जिंकले. त्यानंतरच्या तीन खेळाडूंनी त्याच जागेवरून गोल केले, हेही नोंदवले पाहिजे. सगळा दोष गवताचा नव्हे. पण पहिल्या आणि दहाव्या खेळाडूला मिळणारी जमीन एकच असते, असे कोणी म्हणू नये.

नियमपुस्तिका याबाबत पूर्ण आंधळी नाही. शूटआउट कोणत्या गोलावर घ्यायचे, हे एरवी नाणेफेकीने ठरते. पण मैदानाची अवस्था पाहून रेफरी स्वतः निर्णय घेऊ शकतो. मध्येच पृष्ठभाग निरुपयोगी झाला, तर गोल बदलताही येतो. ठिपक्याजवळची माती मुद्दाम उकरणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला पिवळे कार्ड दाखवता येते.

मार्च २०२५ मध्ये माद्रिदच्या दोन क्लबांतील शूटआउटमध्ये हुलियान आल्वारेस घसरला आणि चेंडूला त्याच्या दोन्ही पायांचा स्पर्श झाला, म्हणून अॅटलेटिकोचा तो गोल रद्द ठरला. त्यावर एवढा गदारोळ झाला की, जूनमध्ये नियमांचे स्पष्टीकरण आले : असा दुहेरी स्पर्श अनवधानाने झाला आणि गोल झाला, तर किक पुन्हा घ्यावी. घसरणाऱ्याला दिलेली ही पहिली ठोस सवलत मला योग्य वाटते. मात्र घसरून चेंडू बाहेर गेला, तर ती किक वायाच. टेरीला या नियमाचाही उपयोग झाला नसता.

इथे मला क्रिकेट आठवते. गोलंदाजाचा पाय घसरू नये म्हणून तिथे भुसा टाकू देण्याची तरतूद नियमांतच आहे आणि त्याला कोणी पक्षपात म्हणत नाही. शूटआउटच्या दर दोन-चार किकनंतर रेफरीने ठिपक्यापाशी जावे, उखडलेली ढेकळे दाबून घ्यावीत आणि गरज पडल्यास मैदान कर्मचाऱ्याला बोलवावे, एवढी सक्ती करायला किती वेळ लागेल? डर्बीत तर भर सामन्यात माणूस बादली घेऊन आला होता.