मोट गेली, विहीर राहिली

दसऱ्याला आमच्या मोटारीला झेंडूची माळ चढते, बॉनेटवर हळदकुंकू लागते, चाकाखाली लिंबू चिरडले जाते. आणि माळ सुकायच्या आत मोटार पुन्हा पडवीत ताडपत्रीखाली जाते. गेली चार वर्षे हाच क्रम आहे. मोटार १९५२ सालची एम. जी. टी. डी. आहे, दोनच माणसांची, कापडी टपाची, इंग्लंडात ॲबिंग्डनला घडलेली. कापसाच्या एका चांगल्या सालात वडिलांनी ती मुंबईहून जुनीच घेऊन आणली. तिच्यात आजही काही दोष नाही. दोष माझ्या बहात्तर वर्षांच्या उजव्या खांद्यात आहे. जळगावच्या सुभाष चौकात गाडी लावताना चाक जागच्या जागी फिरवायचे म्हणजे रात्री शेकायची पिशवी ठरलेली.

म्हणून मी तिला पॉवर स्टिअरिंग बसवायचे ठरवले, आणि मित्रमंडळींत असा गहजब उडाला, की जणू मी देवळाचा कळस मोडीत काढला! एक स्नेही तर म्हणाले, "आप्पा, झेपत नसेल तर विकून टाका, पण गाडी बाटवू नका." या सोवळ्या मंडळींना दिवाळीच्या फराळाबरोबर चार तिखट शब्द वाढणे मला भाग आहे.

खांद्याचे निमित्त सांगण्यापूर्वी मी करायचे ते सारे केले. टायरांतली हवा पाहिली, पुढच्या सांध्यांना ग्रीस भरले, चाकांची रेषा जुळवून घेतली. प्रत्येकाने आधी हेच करावे. पुष्कळसे जडपण तिथेच निघते. उरले ते मात्र वयाचे होते, आणि वयाला ग्रीस लागत नाही.

म्हणे, हे आजकालचे खूळ! अहो, अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिसने पॉवर स्टिअरिंग गाडीला लावून दाखवले ते १९२६ साली. क्रायस्लरची इम्पीरियल ते घेऊन बाजारात आली १९५१ साली. म्हणजे माझी गाडी जन्मली तेव्हा ही सोय विकत मिळत होती. आणि मूळ स्वरूपाचेच म्हणाल, तर आक्षेप घेणाऱ्यांच्या गाड्यांचे टायर, बॅटरी, टपाचे कापड हे सारे काय पहिल्या दिवसापासूनचे आहे?

एक विद्वान मित्र धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचा दाखला देतात. जुन्या कागदातले अक्षर कोणी सुधारून लिहील काय? मुळीच नाही! लिहील त्याचा हात धरावा. पण कागद वाचायचा असतो, गाडी चालवायची असते. दाखला द्यायचा तर आमच्या यावलकडच्या विहिरीचा द्या. तिच्यावर मोट होती, मग इंजिन आले, मग विजेचा पंप आला, आता केळीच्या बुडाशी ठिबकने थेंब पडतो. विहीर बाटली काय? उलट मोटेचा हट्ट धरणाऱ्यांच्या विहिरी बुजल्या.

एक आक्षेप मात्र खरा आहे. रस्ता चाकातून हाताला बोलतो, ते बोलणे मंदावते. पण विजेच्या यंत्रात ही मदत कमीजास्त करता येते. चौकात ती पुरती घ्यावी, एरंडोलच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर जवळजवळ बंद करावी. मोटर मधेच बंद पडली तरी दांडा चाकांशी जोडलेलाच राहतो. गाडी पूर्वीसारखी जड होते, इतकेच.

मात्र माझ्याही अटी आहेत. कापायचे काही नाही, वेल्डिंग कुठेही नाही. मूळ दांडा अखंड काढून पेटीत ठेवायचा आणि त्यावर चिठ्ठी लावायची : काय काढले, केव्हा, कोणी. इथे मात्र मी राजवाड्यांचा शिष्य! या गाडीत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते; नव्या यंत्राला ऋण टोक लागते. शिवाय जुन्या डायनामोला हा भार पेलणार नाही. तेव्हा हे काम जाणत्या मिस्त्रीचे, उत्साही भाच्याचे नव्हे. कायद्याचेही पाहावे. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी केंद्राचे २०२१ चे नियम मूळ स्वरूप मागतात. चासी, बॉडी आणि इंजिन यांतला फेरफार त्यांना नको. तिथे स्टिअरिंगचे नाव नाही; पण नाव नाही म्हणजे परवानगी आहे असे न समजता आर.टी.ओ.ला लेखी विचारावे. मी विचारले आहे.

आता इतका खटाटोप कशासाठी, ते सांगतो. माझी थोरली बहीण धुळ्याला असते. दर भाऊबीजेला मी याच गाडीने पारोळ्यावरून तिच्याकडे जात असे. हॉर्न ऐकून ती दारात यायची, आणि ओवाळण्याआधी आग्रा रोडवर एक फेरी मारून घ्यायची. चार वर्षांपूर्वी मी प्रथमच एस.टी.ने गेलो. ती बाहेर आली, माझ्यामागे रस्त्यावर पाहिले आणि म्हणाली, "गाडी कुठे रे?" ती शहात्तर वर्षांची आहे. शुद्धतेच्या रक्षकांनी या प्रश्नाचे उत्तर तिला जाऊन द्यावे.

माझे उत्तर ठरले आहे. आर.टी.ओ.चा होकार आला की मिस्त्री कामाला लागेल. आणि पुढच्या भाऊबीजेला धुळ्यात हॉर्न वाजेल. मूळचाच हॉर्न आहे; सोवळ्यांनी खुशाल तपासून घ्यावा.