जवळपास दीड

“कोणता कटर घेऊ?” घरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये पहिला गिअर कापायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो आणि त्याला हमखास दोन उत्तरं मिळतात. एक गट म्हणतो, “आठ कटरचा अख्खा संच घेऊन टाक, कटकट मिटली.” दुसरा म्हणतो, “जवळपासचा कुठलाही घे, जरा खोल मार, बसतो.” माझं म्हणणं असं, की ही दोन्ही उत्तरं एकाच आळसातून येतात. समोरचा गिअर मोजायचा कंटाळा असतो. त्यावर एक जण पैसे फेकतो, दुसरा नशिबावर सोडतो.

मी काही शहाणपणाच्या उंच ओट्यावर बसून हे बोलत नाही. दुसऱ्या गटात मी स्वतः होतो.

माझ्याकडे इंची आट्यांचा एक जुना लेथ आहे. त्याच्या चेंज गिअरपैकी तीस दात्यांच्या गिअरचे दोन दाते उडाले. व्हर्निअर लावला, बाहेरचा व्यास ५०.६ मिमी आला. हिशोब सोपा असतो: दात्यांच्या संख्येत दोन मिळवायचे आणि त्याने व्यासाला भागायचं, की मॉड्यूल मिळतो. ५०.६ भागिले ३२, उत्तर १.५८. असा मॉड्यूल यादीत नव्हता, १.५ होता. ‘म्हणजे जवळपास दीड’, असं स्वतःला समजावून मी रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तक्त्यात वाचलं होतं, तीस दात्यांना चार नंबरचा कटर. दीड मॉड्यूल, चार नंबर असा कटर मिळाला. घासाघीस करून घेतला आणि फार खूश होऊन घरी आलो.

बिडाच्या तुकड्यावर दाते पाडले. ते जाड येत होते, म्हणून थोडं खोल मारलं. बसला! लेथ चालू केल्यावर जात्यात खडे पडल्यासारखा आवाज येऊ लागला. नवा आहे, घासून घासून रुळेल, असं म्हणत महिनाभर चालवला. मग गल्लीतले एक निवृत्त टर्नर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते आवाज ऐकून आत आले. झाकण काढून त्यांनी शेजारच्या साठ दात्यांच्या गिअरवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “तू गिअर नाही केलास बाबा, कानस केलीस. शेजारच्याला खाल्लं की तिनं.”

माझा एक गिअर तुटला होता. आता दोन करायचे होते.

चूक कुठे झाली? पहिली मॉड्यूलमध्ये. जुने इंची लेथ मॉड्यूलवर नसतात, डायमेट्रल पिच म्हणजे डीपीवर असतात. एक इंच पिच व्यासामागे जितके दाते तितका डीपी. २५.४ ला डीपीने भागलं की मॉड्यूल मिळतो. १६ डीपी म्हणजे १.५८७५. माझं १.५८ हे चुकलेलं दीड नव्हतंच, ते थोडं झिजलेलं १६ डीपी होतं. गिअर खरं सांगत होता, मीच त्याला गप्प केलं.

दुसरी चूक नंबरात. मी वाचलेला तक्ता इंची पद्धतीचा होता. त्यात १ नंबर म्हणजे १३५ दात्यांपासून पुढे थेट रॅकपर्यंत आणि ८ नंबर म्हणजे १२-१३ दाते. मॉड्यूलच्या बऱ्याच संचांत हीच मोजणी उलटी असते: १ नंबर १२-१३ चा, ८ नंबर १३५ च्या पुढचा. तीस दात्यांना, म्हणजे २६ ते ३४ च्या गटाला, इंचीत ४ नंबर लागतो आणि उलट्या मोजणीत ५. माझा कटर रॉकेलने धुतल्यावर त्यावरची पुसट अक्षरं दिसली: २१-२५. तेव्हा नंबर विसरा, कटरवर कोरलेली दात्यांची मर्यादा वाचा. आणि ती विकत घेण्याआधी वाचा.

तिसरी गोष्ट मी तपासलीच नव्हती: प्रेशर अँगल. जुने गिअर बहुतेक साडेचौदा अंशांचे, आजचे वीस अंशांचे. मॉड्यूल एकच असला तरी हे दोन एकमेकांत नीट फिरत नाहीत. डोळ्यांनी फरक ओळखणं अवघड, पण मोजणं सोपं आहे. व्हर्निअरचे जबडे चार दात्यांवर धरा, मग तीन दात्यांवर, आणि वजाबाकी करा. १६ डीपीचा गिअर साडेचौदा अंशांचा असेल तर फरक ४.८३ मिमीच्या आसपास येतो, वीसचा असेल तर ४.६९. झीज दोन्ही मोजमापांत साधारण सारखी असते, त्यामुळे ती वजाबाकीत निघून जाते. दोन मिनिटांचं काम आहे. एक रील बघायला याहून जास्त वेळ जातो.

आता पहिल्या गटाकडे, अख्खा संच घ्या म्हणणाऱ्यांकडे. समजा तुमच्या लेथला २० पासून ६५ पर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने गिअर लागतात, आणि इंची लेथवर मेट्रिक आटे पाडायला १२७ चा एक. हे सगळे पाच कटरमध्ये बसतात: १७-२०, २१-२५, २६-३४, ३५-५४ आणि ५५-१३४. उरलेले तीन डबीत गंज खातील. आणि संचच चुकीच्या मॉड्यूलचा असेल, तर माझी एक चूक तुम्ही आठ वेळा विकत घ्याल.

एकच गिअर हवा असेल तर एकच कटर घ्या. तोही परवडत नसेल तर एचएसएसचा तुकडा ग्राइंडरवर घासा, चांगल्या दात्यांमधल्या गाळ्यात धरून मागून उजेड पाहा, आणि उजेडाची फट दिसेनाशी होईपर्यंत घासत राहा. असा एकदाती फ्लाय कटर हळू कापतो, पण कापतो. जुना कटर घेताना धारेचा सपाट भाग केंद्राकडे रोखलेला आहे का, तेही बघा. जोसेफ ब्राउन यांनी १८६४ मध्ये पेटंट घेतलेल्या या कटरची खुबीच ती आहे: फक्त समोरून धार लावली तर आकार बदलत नाही. कुणी तिरकी धार लावली असेल तर आकार गेला.

एक तिसरा गटही आहे, शुद्धतावाद्यांचा. ते म्हणतात, हॉबिंग मशीन नसेल तर गिअरच्या वाटेला जाऊ नका, विकत आणा नाहीतर थ्रीडी प्रिंट काढा. मिळत असेल तर जरूर आणा. हलक्या कामाला प्रिंटही चालतो. पण बंद पडलेल्या कंपनीच्या लेथचा गिअर कुणी विकत नाही. आणि कटरने कापलेला गिअर अचूक नसतो हे खरं असलं, तरी ती तडजोड आंधळी नाही. २६-३४ चा कटर २६ दात्यांनाच तंतोतंत लागू पडतो. तीसला किंचित चुकतो, आणि किती चुकतो हे माहीत असतं. प्रत्येक संख्येला वेगळा कटर परवडत नाही म्हणून कुणीतरी हिशोब करून हे आठ गट पाडले.

तडजोडीला माझी हरकत नाही. न मोजता केलेल्या तडजोडीला आहे. आपण तिला कौतुकाने जुगाड म्हणतो, व्हिडिओ काढतो, खाली टाळ्या येतात. महिन्याभराने शेजारच्या गिअरचं काय झालं, याचा व्हिडिओ कुणी टाकत नाही. मीही टाकला नाही.

परवा मामांकडे एक आयटीआयचा मुलगा आला होता. त्याने विचारलं, “मामा, कटर कोणता आणू?” मामांनी कपाटातून व्हर्निअर काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, “आधी दाते मोज. तुटलेलेसुद्धा.”